पद्मिनीचं इग्निशन टायमिंग घरच्या घरी : सुरक्षितपणे कसं करावं?

आडवाटेवरचा

नमस्कार मंडळी,

घरी 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे, वडिलांनी घेतलेली. रविवारी साताऱ्यात एक चक्कर, अधूनमधून यवतेश्वरच्या डोंगरावर, एवढाच तिचा संसार. तिचं सगळं बघणारे मिस्त्री गॅरेज बंद करून मुलाकडे राहायला गेले. बाकी गॅरेजांत बॉनेट उघडलं की पोरं आधी फोटो काढतात आणि मग 'स्कॅनर कुठे लावायचा?' असं विचारतात.

अलीकडे डेल्कोतले (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले) सीबी पॉइंट, म्हणजे उघडमीट करून ठिणगी पाडणारे संपर्क, आणि कंडेन्सर नवे टाकले. गाडी सुरू होते, आयडलिंगही बरं आहे, पण पिकअप मेलाय आणि चढाला लागली की तापमानाचा काटा हळूहळू वर जातो. सगळे म्हणतात टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, हललंय. आता ते मीच करायचं ठरवलंय. पाने-पेचकस चालवता येतात, पण भीती एका गोष्टीची वाटते. इंजिन चालू असताना डेल्को फिरवायचा म्हणजे एका बाजूला पंखा आणि दुसऱ्या बाजूला प्लगच्या वायरी. हे खरंच असंच करतात का? स्ट्रोब गन (ठिणगीबरोबर लुकलुकणारा, टायमिंगची खूण दाखवणारा दिवा) नसेल तर चालतं का? आणि नेमकं किती डिग्रीवर ठेवायचं?

बाराचा पाना

पहिला! धाग्याला शुभेच्छा. फोटो टाका हो गाडीचा, त्याशिवाय टायमिंग जमत नाही असं शास्त्र सांगतं :)

डेल्कोनाना

आडवाटेवरचा, काही घाबरू नका. मुंबईत हयात टॅक्सीवर गेली आमची, स्ट्रोब गन कुणी बघितली नव्हती. डेल्कोच्या खालचा नट अर्धा ढिला करायचा, इंजिन आयडलवर ठेवायचं, डेल्को हळू फिरवत जायचं. एका बाजूला इंजिन चढतं, दुसऱ्या बाजूला बसतं. सगळ्यात चढलेलं जिथे ऐकू येतं तिथून केसभर मागे आणायचं आणि नट आवळायचा. मग रोडवर टॉप गियरमध्ये तीसच्या आसपास गाडी ठेवून ॲक्सिलरेटर एकदम दाबायचा. क्षणभर बारीक 'टिकटिक' येऊन विरली की टायमिंग बरोबर. टिकटिक चालूच राहिली तर टायमिंग जास्त पुढे आहे, म्हणजे ठिणगी फार लवकर पडतेय. आलीच नाही आणि गाडी रडली तर मागे आहे. कान पाहिजे, बाकी काही नको.

पेट्रोलपुराण

नाना, आदर आहे, पण 'कान पाहिजे' हा सल्ला पहिल्यांदा हात घालणाऱ्याला देऊ नये. त्याचा कान अजून तयार व्हायचाय, आणि तोवर पिस्टनला भोक पडायचं.

डेल्कोनाना

पद्मिनीच्या पिस्टनला भोक पाडून दाखवा, मी पेढे वाटतो.

रेवंडीचो झील

माका खुर्ची देवा रे, आणि शेंगदाणे. हयसर आता चार दिवस करमणूक आसा.

मंजिरी_यंत्रशाळा

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवते, त्यामुळे जरा लांबण लावते.

आडवाटेवरचा, टायमिंगला हात लावायच्या आधी पॉइंटची गॅप तपासा. नवे पॉइंट टाकल्यावर पिकअप गेला आणि इंजिन तापायला लागलं, ही दोन्ही लक्षणं ठिणगी उशिरा पडत असल्याची आहेत. त्याचं पहिलं कारण म्हणजे गॅप कमी राहणं. गॅप कमी असली की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे जातं. जास्त असली की लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. म्हणजे डेल्को जागचा हलवला नाही तरी गॅप बदलली की टायमिंग बदललंच. म्हणून क्रम कायम हाच : आधी गॅप, मग टायमिंग. उलट केलंत तर दोन्ही पुन्हा करावं लागेल.

गॅप बघताना डेल्कोतल्या कॅमचा उंच कोपरा पॉइंटच्या टाचेवर नेमका आला पाहिजे. फिलर गेजचं (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पातं जाताना हलकं घासलं पाहिजे, अडकता कामा नये. पाती पुसून घ्या, तेलकट पात्यामुळे नवे पॉइंट लवकर जळतात. टाच नवी असते तेव्हा सुरुवातीला जरा पटकन झिजते, त्यामुळे थोडं चालवल्यावर गॅप पुन्हा बघावीच लागते. कॅमवर ग्रीसचा अगदी बारीकसा ठिपका द्या, जास्त दिलंत तर ते उडून पॉइंटवर बसतं.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती रास्त आहे, आणि तिच्यावर उत्तर असं की पहिलं सेटिंग इंजिन बंद ठेवूनच करायचं. त्याला स्टॅटिक टायमिंग म्हणतात. लागतो फक्त बारा व्होल्टचा एक बल्ब आणि दोन वायरी. रीत सविस्तर लिहिते, पण आता तास आहे. संध्याकाळी.

बाराचा पाना

मॅडम ऐन रंगात आल्यावर मालिकेसारखा 'क्रमशः' टाकून गेल्या.

स्विफ्टधारी

छान माहिती. माझी 2014 ची स्विफ्ट आहे, पेट्रोल. हल्ली ॲव्हरेज कमी झालंय. हेच टायमिंग मलाही करता येईल का? डेल्को नेमका कुठे असतो?

बाराचा पाना

स्टेपनीच्या खाली बघा, पान्यांच्या पिशवीत असेल.

पेट्रोलपुराण

स्विफ्टधारी, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. तुमच्या गाडीत डेल्को नाहीच. क्रँकचा सेन्सर इंजिन नेमकं कुठे आहे ते सांगतो आणि ठिणगी कधी टाकायची ते ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) दर वेळी ठरवतो. फिरवून काही सेट करायची सोयच ठेवलेली नाही. ॲव्हरेजसाठी टायरची हवा, एअर फिल्टर, प्लग आणि स्वतःचा उजवा पाय तपासा.

मधल्या पिढीतल्या गाड्यांत मात्र गंमत आहे. नव्वदच्या दशकातल्या होंडांना फ्युएल इंजेक्शनही होतं आणि डेल्कोही. तिथे सर्व्हिस कनेक्टरची दोन टोकं वायरने जोडल्याशिवाय टायमिंग बघायचं नाही. ईसीयू आपल्या मनाने टायमिंग मागेपुढे करत असतो आणि आपण गन लावून भलत्याच आकड्याचा पाठलाग करत बसतो.

वऱ्हाडी भाऊ

आमच्याकडं 137 डी आहे, डिझेल पद्मिनी. तिचं टायमिंग बल्बनं होते का जी?

डेल्कोनाना

भाऊ, डिझेलला प्लगच्या ठिणगीचं काम नसतं. तुमचं टायमिंग डिझेल पंपाचं. ते पंपवाल्याकडेच करा, घरी हात घालू नका. इंजेक्टरमधून जे डिझेल फवारतं त्याचं प्रेशर एवढं असतं की बोटावर पडलं तर कातडीतून आत घुसतं.

मंजिरी_यंत्रशाळा

आले. नानांनी डिझेलबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं. कातडीत डिझेल घुसलं तर बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आत हात सडू शकतो. दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठायचा.

आता बल्बची रीत.

गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्हीकडून विटा. इंजिन थंड. चारही प्लग काढा. त्याने इंजिन हाताने सहज फिरतं, आणि स्विच ऑन असताना चुकून सुरू होण्याचा प्रश्नच उरत नाही. प्लग जागेवर ठेवून, स्विच ऑन करून पंख्याला धरून इंजिन फिरवणारे लोक मी पाहिलेत. बोटं शाबूत आहेत ही त्यांची पुण्याई. मात्र प्लग काढले की त्या भोकांतून पेट्रोलची वाफ येते, म्हणून कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) मधली जाड वायर डेल्कोच्या कॅपमधून काढून गाडीच्या बॉडीला पक्की जोडून अर्थिंग करा. वाफेजवळ उघडी ठिणगी नको.

एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा. हवा अंगठा ढकलायला लागली की कॉम्प्रेशन स्ट्रोक सुरू झाला. आता पुलीवरची खूण कव्हरवरच्या खुणेकडे आणा. पुस्तिकेत टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) आधी जेवढी डिग्री दिली असेल तिथे थांबा. खूण ओलांडली तर थेट मागे आणून थांबू नका. चांगलं पाव फेरा मागे जा आणि पुन्हा पुढे या. चेन आणि गियरमधला ढिलेपणा असा एकाच बाजूला राहतो.

कॉइलवरून डेल्कोकडे जी बारीक वायर जाते, तिच्या कॉइलकडच्या टोकाला बल्बची एक वायर आणि दुसरी बॉडीला. स्विच ऑन. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. डेल्कोचा नट एवढाच ढिला करा की बॉडी जोर लावून फिरेल. रोटर (डेल्कोच्या आत फिरणारा तुकडा) ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने बॉडी थोडी फिरवली की बल्ब विझेल. मग उलट दिशेने अगदी सावकाश आणा. बल्ब पेटला त्या क्षणी थांबा आणि नट आवळा. आवळताना बॉडी हलते, म्हणून इंजिन पाव फेरा मागे नेऊन पुन्हा तपासा.

स्विच उगाच ऑन ठेवू नका. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून सतत करंट जातो आणि ती तापून बाद होते. चहाला जायचं तर आधी स्विच बंद.

सुलभा_काकू

मंजिरी, किती स्वच्छ लिहिलंस! माझ्याकडे मारुती 800 आहे, कार्बोरेटरवाली, 1997 ची. यजमान गेल्यावर मीच चालवते. तिलाही हीच रीत लागू का? पुलीवर खूण सापडत नाही मला.

मंजिरी_यंत्रशाळा

काकू, तत्त्व तेच, जागा वेगळी. 800 ची खूण पुलीवर शोधू नका, ती फ्लायव्हीलवर आहे. गियरबॉक्सच्या बाजूला एक रबरी बूच दिसेल, ते काढलं की खिडकीतून फ्लायव्हील दिसतं. इंजिन तीन सिलेंडरचं आहे, फायरिंग ऑर्डर (सिलेंडरांत ठिणगी पडायचा क्रम) 1-3-2. पद्मिनीचं 1-3-4-2 त्यावर लावू नका. आणि काकू, 800 चा पंखा विजेचा आहे. पाणी तापलं की तो न सांगता सुरू होतो. तिकडे हात असेल तेव्हा पंख्याचा कपलर (वायरीचा जोड) काढलेला बरा.

डेट्रॉइटकर

वाचून मजा आली. थोडं अवांतर. इथे डिअरबॉर्नला ग्रीनफिल्ड व्हिलेजमध्ये फोर्ड मॉडेल टी मध्ये बसवून फिरवतात. त्या गाडीत टायमिंग मागेपुढे करणं हे ड्रायव्हरचं चालता चालताचं काम होतं. स्टिअरिंगच्या खाली दोन दांडे, डावा ठिणगीचा आणि उजवा पेट्रोलचा. हँडल मारण्याआधी डावा दांडा वर करून ठिणगी मागे घ्यायची, इंजिन सुरू झालं की खाली ओढून पुढे आणायची. विसरलात तर ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच पडायची आणि हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं. 1912 च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर आला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला त्यात या मनगटांचा मोठा वाटा.

डेल्कोनाना

हे फक्त अमेरिकेत नाही हो. आमच्या पद्मिन्यांना पण हँडल होतंच. बॅटरी बसलेली टॅक्सी सकाळी हँडलवर सुरू करायची. पहिला धडा हाच असायचा : अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. आणि खाली दाबायचं नाही, वर ओढायचं. इंजिनाने उलटी लाथ मारली तर हात सुटून जातो. टायमिंग जास्त पुढे असलेल्या गाडीला आम्ही हँडल मारतच नसू, ढकलत नेत असू.

आडवाटेवरचा, तुम्हीही टायमिंग पक्कं होईपर्यंत हँडलने सुरू करू नका.

पेट्रोलपुराण

नानांशी चक्क सहमत. तारीख लिहून ठेवा.

रेवंडीचो झील

शेंगदाणे संपले. भांडण खंय गेला?

बाराचा पाना

भांडण मी लावतो. आता सगळीकडे ई 20 (वीस टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल मिळतंय, त्याचा ऑक्टेन 95. मग टायमिंग आणखी चार-पाच डिग्री पुढे घेतलं तर पद्मिनी पळेल की नाही?

पेट्रोलपुराण

नाही पळणार. ऑक्टेन जास्त असणं म्हणजे नॉकिंग (नानांची ती 'टिकटिक') होण्याआधी जास्त सहन करणं. पद्मिनीचं कॉम्प्रेशन मुळातच त्या काळच्या हलक्या पेट्रोलसाठी ठेवलेलं. तिची अडचण ऑक्टेनची नव्हतीच, त्यामुळे जास्तीचा ऑक्टेन तिला उपयोगाचा नाही. हवं त्यापेक्षा टायमिंग पुढे नेलं तर पिस्टन वर येत असतानाच वरून दाब पडतो आणि इंजिन स्वतःशीच कुस्ती खेळतं. ई 20 ची खरी काळजी वेगळी आहे. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधली पॅकिंग त्याने फुगतात, चिरतात. गळक्या पाइपाशेजारी टायमिंगचा खेळ मांडू नका. आडवाटेवरचा, कामाला लागण्याआधी पेट्रोलची पूर्ण लाइन बोटाने चाचपून बघा.

कोपरखैरणे लोकल

सीएनजीचा मुद्दा राहिला. गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून गॅसवरच्या गाडीचं टायमिंग पुढे ठेवतात. मुंबईच्या बहुतेक पद्मिनी टॅक्स्या शेवटी गॅसवरच होत्या. असं टायमिंग ठेवलेली गाडी पेट्रोलवर टाकली की चढावर खडखडते. तेव्हा कुणी टॅक्सीवाल्याचं सेटिंग सांगितलं तर आधी विचारा, गॅसचं की पेट्रोलचं?

बाय द वे, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर 2023 अखेर तो विषय संपला.

डेल्कोनाना

संपला म्हणू नका हो.

आडवाटेवरचा

मंडळी, खूप आभार. मंजिरीताई, तुमची रीत छापून गॅरेजच्या भिंतीला लावली.

शनिवारी बसलो. गॅप खरंच कमी होती, पातं जातच नव्हतं. ती पुस्तिकेप्रमाणे केली, मग बल्बने स्टॅटिक सेट केलं. गाडी पहिल्या फटक्यात सुरू. शहरात पिकअप एकदम छान. पण यवतेश्वरला पुन्हा तेच. पूर्वीपेक्षा बरी आहे, तरी तिसऱ्यात चढाला दमते आणि काटा वर जातोच. म्हणजे अजून काय राहिलं? मित्राकडून स्ट्रोब गन मिळतेय. आता ती चालवावी असं वाटतं, पण पंख्याची भीती आहेच.

मंजिरी_यंत्रशाळा

छान. आयडलला बरी आणि वेगात दमते, यावरून मला वेगळाच संशय येतो. गन लावाच.

आधी कारण सांगते. पेट्रोलचं मिश्रण ठिणगीबरोबर एका क्षणात जळत नाही, वेळ घेतं. 900 आरपीएमला क्रँक 10 डिग्री फिरायला साधारण 1.85 मिलिसेकंद लागतात. 3000 ला तेवढंच फिरायला जेमतेम 0.55. मिश्रण काही त्या प्रमाणात घाई करत नाही. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पडली पाहिजे. ते काम डेल्कोच्या पोटातली दोन वजनं करतात. वेगाने ती बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे सरकतो. बल्बने आपण फक्त सुरुवात ठरवतो, वजनं चालतात का ते बल्ब सांगत नाही. गन सांगते.

आणि नाना, म्हणूनच आयडलवर 'सगळ्यात चढलेलं' शोधण्याला माझा विरोध आहे. मोकळ्या इंजिनाला आयडलवर भरपूर ॲडव्हान्स (टायमिंग पुढे असणं) गोड लागतो, पण वेगात वजनांची भर पडली की तो डोईजड होतो. तुमच्या रीतीचा दुसरा भाग, टॉप गियरमध्ये लोड देऊन ऐकायचं, तो मात्र मी मुलांनाही शिकवते. खरी परीक्षा तीच.

आता गन. सगळ्यात मोठा धोका लक्षात ठेवा : त्या लुकलुकत्या उजेडात पुली थांबलेली दिसते, तसाच पंखाही थांबल्यासारखा किंवा सावकाश फिरल्यासारखा दिसू शकतो. तो पूर्ण वेगात फिरत असतो. डोळ्यांवर विश्वास ठेवून हात पुढे गेला की संपलं. म्हणून इंजिन चालू करण्याआधीच गनच्या सगळ्या वायरी पंखा, पट्टा आणि सायलेन्सरच्या गरम पाइपापासून लांब बांधून टाका. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली चेन, घड्याळ, अंगठी सगळं उतरवा. केस बांधा.

शेडमध्ये नाही, बाहेर उघड्यावर करा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. प्लगच्या वायरींत पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात. निरोगी माणसाला झटका बसून तो बहुधा सावरेल, पण झटक्याने हात मागे जातो तो पंख्यात. ज्याला पेसमेकर आहे त्याने जवळ उभंही राहू नये. डेल्को फिरवायचा तर इंजिन बंद करून, किंचित फिरवून, आवळून पुन्हा सुरू करून बघा. दोन-तीन फेऱ्या जास्त होतील, होऊ द्या. कारखान्यात रोज दहा गाड्या काढणाऱ्याची घाई आपल्याला नाही.

खूण खडूने पांढरी करा. डेल्कोला व्हॅक्यूमची नळी असेल तर काढून तिचं तोंड बंद करा. इंजिन गरम, चोक पूर्ण उघडलेला, आयडल पुस्तिकेइतकं. आधी त्या वेगाला खूण बघा, मग कुणाला तरी हळूहळू ॲक्सिलरेटर द्यायला सांगा. पंख्याच्या रेषेत उभं राहू नका, बाजूने बघा. वेग वाढेल तशी खूण टीडीसीपासून आणखी लांब सरकली पाहिजे. सरकली नाही तर तुमचा रोग सापडला.

पेट्रोलपुराण

यात एक भर. पुलीवर डिग्र्या कोरलेल्या नसतील तर स्वतः आखता येतात. पुलीचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, 3.14 ने गुणा, 360 ने भागा. एका डिग्रीला किती मिलिमीटर ते आलं. उदाहरणार्थ 140 चा व्यास असेल तर 10 डिग्रीला बारा मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. कागदाची पट्टी कापून त्यावर आखा आणि इंजिन बंद असताना पुलीवर तेवढ्या खुणा करून घ्या. पट्टी चिकटवून ठेवू नका, उडून जाते.

आणि अग्निशामक जवळ ठेवा, पावडरचा छोटा पुरेल. टायमिंग चुकलं की कार्बोरेटरमधून उलटा भडका येतो. एअर फिल्टर काढून इंजिन चालवू नका. बाटलीतून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतून सुरू करण्याची जी जुनी रीत आहे, ती तर

डेल्कोनाना

ती आमची रीत, माहीत आहे. एका सहकाऱ्याच्या भुवया गेल्या त्यात. ती करू नका, हे मीच सांगतो.

वऱ्हाडी भाऊ

नाना, भुवया परत आल्या का मग?

डेल्कोनाना

आल्या. एक जरा वाकडी.

स्विफ्टधारी

टायरमध्ये हवा कमी होती. भरली. ॲव्हरेज सुधारलं. पेट्रोलपुराण यांचे आभार. स्टेपनीखाली डेल्को नव्हता.

आडवाटेवरचा

मंजिरीताई, बरोब्बर! गन लावली. घराबाहेर अंगणात, हँडब्रेक, विटा, घड्याळ काढून, सगळं सांगितल्याप्रमाणे. बायको ॲक्सिलरेटरवर. आयडलला खूण जिथे हवी तिथे. वेग वाढवला तर खूण जागची हललीच नाही, गोंद लावल्यासारखी.

इंजिन बंद करून, बॅटरीची वायर काढून डेल्को उघडला. रोटर बोटाने फिरवून सोडला तर स्प्रिंगने परत यायला हवा होता, आला नाही. खाली वजनांच्या खिट्ट्यांवर जुनं ग्रीस वाळून लाख झालेलं. घासून साफ केलं, स्प्रिंगा दोन्ही जागेवर होत्या, खिट्ट्यांना थेंबभर तेल दिलं. रोटर टुणकन परत यायला लागला. पुन्हा गॅप बघितली, पुन्हा बल्ब, पुन्हा गन. आता वेग वाढवला की खूण सरळ पळते. एकदा हात पंख्याच्या दिशेने निघाला होता, बायको ओरडली. पंखा खरंच थांबलेला दिसतो हो!

काल यवतेश्वर. तिसऱ्यात, न कुरकुरता, काटा अर्ध्याच्या खाली. नाना, वर सपाटीला टॉपमध्ये टाकून एकदम दाबलं. क्षणभर टिकटिक, मग शांत.

डेल्कोनाना

शाब्बास. याला म्हणतात कान.

पेट्रोलपुराण

याला म्हणतात गन.

मंजिरी_यंत्रशाळा

याला म्हणतात वहिनी. त्यांनी ओरडलं नसतं तर हा धागा वेगळाच झाला असता.

सुलभा_काकू

मी आज बूच काढलं. फ्लायव्हीलवर खूण दिसली! पण त्या खिडकीजवळ 'टी' लिहिलेली एक रेघ आणि तिच्या जवळच आणखी एक रेघ आहे. यातली कुठली धरायची?

मंजिरी_यंत्रशाळा

काकू, 'टी' म्हणजे टीडीसी, ती टायमिंगची नाही. दुसरी बहुतेक टायमिंगची, पण बॉनेटखालचा स्टिकर किंवा पुस्तिका बघून आकडा जुळवा, मगच हात लावा. स्टिकरचा फोटो इथे टाका, मी बघते. आणि पंख्याचा कपलर काढलात ना?

सुलभा_काकू

काढला. फोटो कसा टाकतात इथे?